थोरलीच्या हिरड्या

थोरलीचा उजवा अंगठा म्हणजे काय चीज होती म्हणून सांगू! मेंढीचं डोकं दोन गुडघ्यांत धरायचं, खालचा ओठ ओढायचा आणि अंगठा दातांच्या मुळाशी असा फिरवायचा की मेंढीला काय झालं ते कळायच्या आत निकाल लागलेला असायचा. "ठेव." नाहीतर "काढ." बस्स, एवढंच बोलायची. तिचा नवरा, म्हणजे थोरला, मेंढ्या ओढून आणायचा. दीर, म्हणजे धाकटा, तिनं सांगितलं तसं डाव्या नाहीतर उजव्या कुंपणात ढकलायचा. डावीकडची राहणार, उजवीकडची खाटकाकडे जाणार.

आता मेंढीचं कसं असतं, वर पुढे तिला दातच नसतात. नुसती जाड, टणक हिरडी. खालचे दात त्या हिरडीवर दाबून ती गवत तोडते. खालचे दात हलायला लागले की गवत नुसतं ओलं होतं, तुटत नाही. मेंढी दिवसभर चरताना दिसते आणि उपाशी मरते. अशा मेंढीला त्या घरात म्हणायचे, हिचं तोंड गेलं, ही उतरली. आणि तोंड गेलं म्हणजे सगळं गेलं. वय संपलं. तिच्यावर दोन घास खर्च करायचे नाहीत.

त्या वर्षी तर फारच वाईट होतं. पाऊस मध्येच कुठे पळाला तो आलाच नाही. माळ खरवडल्यासारखा झाला, मेंढ्या मुळांसकट माती ओढून खायच्या आणि त्या मातीनं दातांची वाट लागायची. कळप लवकर डोंगराकडे हलवायचा होता, लांबची चाल होती, त्यात निम्म्या मेंढ्या गाभण. हलत्या दातांची एकही बरोबर न्यायची नाही, असं थोरल्यानं सकाळीच बजावलं होतं.

"ठेव," थोरली म्हणाली.

"ठेव."

"काढ."

मग एक काळ्या तोंडाची आली. थोरलीनं अंगठा लावला. दात हलला, हिरडी सुजून लाल झाली होती, अंगठ्याला चिकट लागलं. थोरली तिथेच थांबली.

"वहिनी, झोपलात का?" धाकटा ओरडला.

"ठेव," थोरली म्हणाली.

पुढेही तसंच. एक, मग आणखी एक. तोंड गेलेल्या मेंढ्या ती डावीकडे पाठवत राहिली. का? तर तिचं स्वतःचं तोंड जायला लागलं होतं. आणि हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

सुरू झालं होतं थंडीत. हिरड्या आतून खाजल्यासारख्या व्हायच्या. मग ब्रश गुलाबी व्हायला लागला, मग लाल. तिनं आरशाच्या तुकड्यात बघितलं तर दात कसे, पांढरेशुभ्र! एकही किडलेला नाही, काळा ठिपका नाही. मग रोग कसला? तिनं ब्रशच बंद केला. मेंढीचं तोंड सोललं की त्याला हात लावायचा नाही, आपोआप धरतं, हे तिला लहानपणापासून माहीत. मिठाच्या पाण्याची चूळ भरायची आणि गप्प बसायचं. रक्त यायचं कमी झालं, ती म्हणाली, झालं बरं.

पण दात लांब दिसायला लागले. हसली की जाऊ म्हणायची... नाही, जाऊ नव्हतीच तेव्हा, धाकट्याचं लग्न व्हायचं होतं. म्हणजे कुणी म्हणायलाही नव्हतं. तीच बघायची. आणि मग रोज सकाळी पाण्याच्या टाकीमागे जायची, खालचा ओठ ओढायची आणि अंगठ्यानं दात हलवून बघायची. जसा मेंढीचा तपासतात तसा. पुढे, मागे. कालच्यापेक्षा जास्त हलतोय का? आज शेजारचाही हलतोय का? कितीदा तरी. दुपारी पुन्हा. हातच राहायचा नाही तिचा.

तर त्या दिवशी संध्याकाळी खाटीक आला. जाडजूड, गमतीदार माणूस, पण जिभेला हाड नाही. उजव्या कुंपणात शिरला, एका मेंढीचं तोंड फाकून नाक खुपसलं आणि म्हणाला, "वा! सडकं तोंड लांबूनच कळतं बघा." मग थोरली त्याला दोरी द्यायला जवळ गेली, काहीतरी बोलली, आणि तो मागे सरला. मेंढीच्या तोंडाकडे बघितलं. थोरलीकडे बघितलं.

"च्यायला," तो म्हणाला, "मी उगीच या बिचारीला नावं ठेवली. वास तर इकडून येतोय!"

धाकटा फिस्सकन हसला. खाटकाचा माणूसही हसला. थोरला हसला नाही, दोरीची गाठ बघत राहिला. थोरलीनं ओठ मिटले. त्यानंतर ती जे काही बोलली ते पदर तोंडाशी धरूनच. खाटीक जाताना म्हणाला, "चेष्टा केली हो, वहिनी. रागावू नका." तिनं मान हलवली. बोलायला तोंड उघडावं लागलं असतं ना.

दुसऱ्या दिवशी थोरल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं डाव्या कुंपणात शिरून काळ्या तोंडाची धरली. ओठ ओढला. मग दुसरी धरली. तिसरी. मग तिथूनच हाक मारली.

"इकडे ये."

थोरली गेली.

"ही बघ. ही ठेवलीस तू? आणि ही? आंधळ्यालाही कळेल अशी हलतेय. डोंगर चढायच्या आत मरतील या वाटेत. तुझा हात गेला की डोकं गेलं?"

पदर तोंडावर.

थोरला तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं असावं. कालची खाटकाची चेष्टा, हा पदर, महिनाभर ती सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकटीच जेवायची ते. त्यानं मेंढी सोडली, तिची हनुवटी धरली आणि अंगठा तिच्या तोंडात घातला. सवयीनंच हो, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. ओठ खाली ओढला, दातांच्या मुळाशी दाबला. दात हलला. शेजारचाही. हिरडीतून रक्त आणि पिवळा पू त्याच्या नखाशी आला.

मेंढ्या ओरडत होत्या. थोरल्यानं अंगठा पँटला पुसला.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

त्यानं तिची हनुवटी सोडली. मग म्हणाला, "एवढ्यात उतरलीस?"

बस, एवढाच शब्द. उतरलीस. भरल्या बाजारात कुणी कानाखाली वाजवली असती तरी तिला एवढं लागलं नसतं. पस्तिशी नव्हती उलटली तिची अजून.

घरात सासू होती, दारातल्या बाकावर बसलेली. तिच्या तोंडात एकही दात नव्हता, कितीतरी वर्षं नव्हता. पाव दुधात बुडवून बुडवून खायची आणि बाकीचा वेळ सगळ्यांच्या ताटाकडे बघायची. तिला हे कळलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, म्हातारी थोडी खुशच झाली.

"आमच्या घरात असंच आहे गं," ती म्हणाली. "तुझ्या वयात मी रिकामी झाले होते. आधी रक्त, मग हलतात, मग जेवताना घासाबरोबर हातात येतात. घाबरू नकोस, पडताना दुखत नाही. एकदा सगळे गेले की कटकट मिटते बघ."

"मग खायचं काय, आई?"

"मी नाही का खात?"

थोरलीनं तिच्या वाटीकडे बघितलं. तळाशी पावाचा लगदा. त्याच वाटीत म्हातारीचं सगळं आयुष्य गेलं होतं. चालीवर तिला नेत नसत, कारण वाटेत वाळलेलं, कडक खावं लागतं. मेंढ्यांजवळ तिला कुणी बोलवत नसे. बाकावर ठेवली होती, बस. मला बाकावर नाही बसायचं, ती मनात म्हणाली, अजून नाही.

दोन दिवसांनी गाल असा सुजला की डोळा मिटायला लागला. ताप भरला. थोरला म्हणाला, पक्कड आणू का? खरंच म्हणाला, चेष्टेत नाही! शेवटी शेजारच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा दातांच्या डॉक्टरीणबाई यायच्या, तिथे तिला दुधाच्या गाडीतून पाठवलं.

डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या. बाहेर रांग, आत एक खुर्ची, एक दिवा, पाण्याची बादली. त्यांनी थोरलीच्या तोंडात एक बोथट सुई घातली आणि प्रत्येक दाताच्या कडेनं हिरडीत खाली सोडली. सुई बुडायची. जिथे जरा आत जाऊन थांबायला हवी तिथे ती जातच राहायची. त्यांचा चेहरा उतरला.

"दात चांगले आहेत हो तुमचे," त्या म्हणाल्या. "कीड नाही कुठे."

"तेच तर. मग हलतात का?"

"भिंत चांगली आहे, पाया गेलाय. हिरडीखाली हे बघा," त्यांनी आकड्यानं खरवडून काहीतरी बोटावर घेतलं, काळपट, खड्यासारखं. "कीटण. दगड होतो याचा. हा हिरडीत शिरतो, हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि आतलं हाड विरघळत जातं. ब्रश कधीपासून बंद केलात?"

"रक्त यायला लागल्यावर. म्हटलं, जखमेवर कशाला घासायचं?"

"रक्त येत होतं म्हणूनच घासायला हवं होतं. हलक्या हातानं, पण रोज, हिरडीच्या अगदी कडेला. रक्त ही आरोळी असते, ताई. तुम्ही आरोळी ऐकून दारच लावून घेतलंत."

मग त्यांनी पुढचा दात दोन बोटांत धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे पुढचे चार इतके सैल कसे झाले? बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. कशानं हलवता का तुम्ही?"

थोरलीनं खाली बघितलं. "तपासते."

"काय?"

"अंगठ्यानं. रोज. किती उरलंय ते बघायला."

डॉक्टरीणबाईंनी आकडा ताटलीत ठेवला. "अहो, तुम्ही मेंढी आहात का?"

त्या चिडून म्हणाल्या, त्यांना काय माहीत! पण थोरली एकदम रडायलाच लागली. सुजलेला गाल, उघडं तोंड, लाळ आणि रडणं, सगळं एकदम. बाई घाबरल्याच. मग तिनं हुंदके देत देत सांगितलं, ठेव आणि काढ काय असतं ते, आणि उतरली म्हणजे काय ते. बाईंनी ऐकून घेतलं. बाहेर रांगेतली माणसं खाकरत होती तरी ऐकून घेतलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "खालचे पुढचे चार गेले. ते मी काढणार, ते खोटं नाही सांगत. पण बाकीचे राहू शकतात. हे वय झालं म्हणून होत नाही, हा आजार आहे. हिरडीखालचं सगळं खरवडून काढावं लागेल, एका बाजूचं एका वेळी, दर आठवड्याला. आणि घरी रोज घासायचं. गेलेलं हाड परत येणार नाही. पण आहे ते धरून ठेवता येईल. मध्येच सोडलंत तर मात्र दोन वर्षांत म्हाताऱ्या व्हाल."

तेवढं एकच वाक्य ती घरी घेऊन आली. बाकीचे राहू शकतात.

थोरला कुंपणाच्या फळ्या काढत होता. कळप निघायची तयारी चालली होती.

"दर आठवड्याला?" तो म्हणाला. "आणि डोंगरावर कोण येणार? मी आणि हा दोघंच?" हा म्हणजे धाकटा.

"कोकरं यायला वेळ आहे अजून. तोवर माझं होईल. मग मी बस धरून येते."

"अगं, माणसं दुष्काळात जगायला बघतात, आणि तू दात घासत बसणार?"

"हो," ती म्हणाली. तोंडात कापूस होता, चार दात काढल्याचा, म्हणून 'हो' पण धड आला नाही. पण ती हलली नाही जागची.

धाकटा म्हणाला, "राहू द्या ना दादा. वहिनी तिकडे आल्या आणि ताप आला तर कोण बघणार?" थोरल्यानं त्याच्याकडे असं बघितलं की तो फळ्या मोजायला लागला. पण सकाळी निघताना थोरला दारात थांबला आणि म्हणाला, "कोकरं आली की तुझा हात लागतो. विसरू नकोस." तिचा हात बारीक होता ना. पोटात अडकलेलं, आडवं आलेलं कोकरू तीच वळवायची. थोरल्याचे पंजे म्हणजे फावडी.

मग आठवडे गेले. दर बाजारच्या दिवशी दुधाच्या गाडीतून जायचं, खुर्चीत बसायचं. बाई सुई टोचायच्या, अर्धं तोंड लाकूड व्हायचं, मग आकडा हिरडीखाली जायचा आणि खर्र खर्र आवाज डोक्याच्या आत यायचा, जणू कुणी कढई घासतंय. रक्त थुंकायचं, घरी यायचं, जिभेला जिथेतिथे रिकामं लागायचं. आणि सकाळ-संध्याकाळ ब्रश. बाईंनी शिकवलेला, हिरडीच्या कडेला तिरका धरून, हळू. सुरुवातीला बेसिन लाल व्हायचं. म्हातारी बाकावरून म्हणायची, "रक्त काढतेस कशाला घासून घासून? वेडी." थोरली घासत राहायची. हळूहळू लाल गुलाबी झालं. मग एका सकाळी तिनं थुंकलं आणि पाणी पांढरं होतं. नुसता फेस! ती बघतच राहिली. अंगठा वर गेला होता सवयीनं, तो तिनं मुठीत दाबून धरला.

एका बाजूचं तेवढं राहिलं होतं, उजवी खालची, सगळ्यांत वाईट. पण बाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला नक्की या. तो माझा इथला शेवटचा दिवस. बदली झालीये. माझ्या जागी कोण येईल, कधी येईल, मला माहीत नाही."

"येते," थोरली म्हणाली.

आणि त्या शेवटच्या खेपेच्या आदल्या दिवशी, ऊन उतरताना, थोरल्याचा फोन आला. डोंगरावर वारा होता, आवाज तुटत होता.

"ऐकू येतंय का? कोकरं यायला लागली."

"आत्ताच? अजून तर..."

"पोटाला काही नाही, चालून चालून थकल्यात, वेळेआधीच टाकायला लागल्यात. काल रात्रीपासून. दोन मेंढ्या गेल्या, कोकरांसकट. आडवी आली होती. मी हात घातला, फाडूनच ठेवलं सगळं." मागे मेंढ्या ओरडत होत्या, धाकटा काहीतरी ओरडत होता. "आणखी लागल्यात. सकाळची बस धर. दुपारपर्यंत पोचशील."

थोरली भिंतीला टेकली. सकाळची बस. दवाखानाही सकाळीच. एक गाडी या रस्त्यानं, दुसरी त्या रस्त्यानं.

"परवा येते," ती म्हणाली.

"काय?"

"उद्या शेवटचं आहे. बाई जाणार आहेत. उद्या केलं नाही तर परत होणार नाही. परवाच्या बसनं येते, नक्की."

फोनमध्ये नुसता वारा. तिला वाटलं तुटला. मग थोरला अगदी हळू, म्हणजे त्याच्या मानानं हळू, म्हणाला, "परवापर्यंत काय उरेल गं?"

तिनं फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

"तुझं तू बघ," तो म्हणाला, आणि ठेवला.

म्हातारीनं सगळं ऐकलं होतं. "जा बाई," ती बाकावरून म्हणाली. "माणसाचे दात काय, आज ना उद्या जायचेच. मुकी जनावरं मरताहेत तिकडे." तिनं वाटीतला लगदा ढवळला. "माझ्या वेळी कुणी असं थांबलं नव्हतं माझ्यासाठी. मीही नव्हते थांबले."

थोरलीनं तिच्याकडे बघितलं. म्हातारी तिच्याकडे बघत नव्हती. वाटीकडे बघत होती.

सकाळी ती फाट्यावर उभी राहिली. आधी डोंगराची बस आली. थांबली. वाहकानं दार उघडून विचारलं, "येताय का?" तो तिला ओळखत होता. तिच्या पिशवीत सगळं होतं, दोरी, जुनं फडकं, तेलाची बाटली, मेंढीला लागतं ते सगळं. ती नाही म्हणाली. बस गेली, धूळ खाली बसली आणि मग बऱ्याच वेळानं दुधाची गाडी आली.

खुर्चीत बसल्यावर बाई म्हणाल्या, "वा, हिरड्या बघा कशा धरल्यात! छान केलंत. आज एवढं झालं की सुटलात." त्यांनी सुई टोचली, वाट बघितली, दिवा जवळ ओढला. आकडा खाली गेला. खर्र. खर्र.

थोरली छताकडे बघत होती. तिला काळ्या तोंडाची दिसली, ती शेवटी उजवीकडेच गेली होती. मग डोंगरावरच्या दिसल्या, आडव्या पडलेल्या, पोट वरखाली होणाऱ्या, आणि थोरला दोन्ही हात कोपरापर्यंत लाल घेऊन उभा. आता या घटकेला. तिचा बारीक हात इथे खुर्चीच्या दांड्यावर होता, रिकामा.

डोळ्यांतून पाणी कानात गेलं. मग दुसऱ्या कानात. थांबेना.

बाईंनी आकडा बाहेर काढला. "दुखतंय का? औषध कमी पडलं? थांबूया का?"

तोंड उघडंच होतं, बोलता येत नव्हतं. थोरलीनं मानेनं नाही म्हटलं. मग दांड्यावरचा हात उचलून खूण केली, चालू द्या.